मोजलंत का?

घरच्या घरी मायक्रोफोनचा प्रीॲम्प बनवणाऱ्यांचे आपल्याकडे दोन पंथ आहेत, आणि माझं भांडण दोघांशीही आहे.

पहिला पंथ कानवाल्यांचा. ह्यांच्या मते प्रीॲम्पमधली चिप बदलली की आवाजाला 'ऊब' येते, 'हवा' येते, पडदा बाजूला होतो. कुठला कपॅसिटर 'कोरडा' आणि कुठला 'रेशमी' ह्यावर हे लोक रात्र रात्र बोलू शकतात. दुसरा पंथ जुगाडवाल्यांचा. ह्यांना आवाजाशी फारसं देणंघेणं नसतं; दोनशे रुपयांत काम झालं, ह्यातच त्यांचा आनंद. एकाला वाटतं पैसे ओतले की आवाज सुधारतो, दुसऱ्याला वाटतं पैसे वाचले म्हणजे जिंकलो. वरवर पाहता ही दोन टोकं आहेत. प्रत्यक्षात दोघांचा दोष एकच: दोघेही मोजत नाहीत.

कुणा तिसऱ्या शहाण्याने वरून केलेला हा उपदेश नाही. मी आठवडाभर दुसऱ्या पंथात होतो आणि त्यानंतर आठ महिने पहिल्या. त्याची किंमत मी भरली नाही. ती माझ्या आत्याने भरली. म्हणून हा त्रागा.

आत्या आणि आकाशातला आवाज

आत्या वाईजवळच्या गावी राहते. वय ऐंशीच्या पुढे. जातं केव्हाच परसात उपडं पडलंय, पण जात्यावरच्या ओव्या तिच्या डोक्यात होत्या. किती होत्या हे तिलाही माहीत नव्हतं. एकातून दुसरी निघायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा ओव्या जमवल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. आत्याच्या गावात तेव्हा कुणी पोचलं नसावं, किंवा पोचलं असेल तर आत्या शेतावर असेल. तिच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नव्हत्या. त्या मी ध्वनिमुद्रित करायच्या, असं मी ठरवलं.

माझ्याकडे एक साधा डायनॅमिक माइक होता. तपकीर गल्लीतून प्रीॲम्पचं एक किट आणलं: हिरवी पट्टी, दोन ऑप-ॲम्प, मूठभर रेझिस्टर. एका संध्याकाळी डाग मारून जोडलं, जेवणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलं, घरात 'हॅलो हॅलो' केलं. आवाज आला. मी खूश. फोटो काढून मित्रांना पाठवला. किती खर्च आला, हे फोटोखाली आवर्जून लिहिलं.

फेब्रुवारीत गावी गेलो. आत्या चाळीस मिनिटं गायली. तिचा आवाज आता मुळातच बारीक, त्यात ती लाजत होती, म्हणून माइक तिच्यापासून दोन फुटांवर ठेवला. कानात हेडफोन नव्हता; आवाज रेकॉर्ड होतोय हे पडद्यावरच्या रेषेवरून दिसत होतं, तेवढं मला पुरलं. पुण्याला येऊन ऐकलं तर तव्यावर पाणी टाकल्यासारखा सततचा चर्र आवाज, आणि त्याच्यामागे बऱ्यापैकी स्पष्ट मराठीत शेतमालाचे भाव. माझ्या प्रीॲम्पने मीडियम वेव्हवरचं रेडिओ केंद्र पकडलं होतं.

माझ्यातला जुगाडवाला त्या दिवशी मेला. दुर्दैवाने त्याच्या जागी कानवाला जन्माला आला.

आठ महिन्यांची चिपबदली

मी वाचायला लागलो. जिथे वाचावं तिथे एकच सल्ला: चिप बदला. किटमध्ये टीएल ०७२ होती. ती काढून एनई ५५३४ घातली. फरक पडला, खोटं कशाला बोलू. मग चटक लागली. आणखी एक घातली, मग आणखी एक. शेवटी ओपीए ६२७ नावाची, जिच्याबद्दल लोक एखाद्या घराण्याच्या गायकीबद्दल बोलावं तसं बोलतात, ती मागवली. खरी घ्यायची तर ती हजारांत जाते. माझी खरी होती की बनावट, देव जाणे. पुढे कळेल की त्याने फरकही पडत नव्हता. प्रत्येक बदलानंतर मी डोळे मिटून ऐकायचो आणि प्रत्येक वेळी मला सुधारणा ऐकू यायची. ऑक्टोबर उजाडला.

एक दिवस तपकीर गल्लीत, जिन्याखालच्या जागेत जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका काकांना मी माझं यंत्र अभिमानाने दाखवलं. कुठली चिप, किती रुपयांची, आवाजात किती मोकळेपणा आला, सगळं सांगितलं. त्यांनी बोर्ड उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं,

"मोजलंत का?"

"म्हणजे?"

"गोंगाट किती आहे? आधी किती होता, आता किती? आकडा काय?"

माझ्याकडे आकडा नव्हता. आठ महिने, सात चिपा आणि एकही आकडा नाही.

आकडा काय

तर तो आकडा इथे मांडतो. ह्यात काही गूढ नाही, बारावीच्या विज्ञानाला पेलेल एवढंच आहे.

मायक्रोफोन देतो ती वीज अगदी थोडी असते. शुअर एसएम५८ हा जगभर वापरला जाणारा डायनॅमिक माइक घ्या. एक पास्कल इतका ध्वनिदाब पडला तर तो सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. एक पास्कल म्हणजे ९४ डेसिबल, ओरडण्याजवळची पातळी. माइकपाशी ६० डेसिबलने पोचणाऱ्या हळू आवाजाचा दाब ०.०२ पास्कल, म्हणजे माइकमधून येणार ३७ मायक्रोव्होल्ट. व्होल्टचा सदतीस दशलक्षांश भाग. एवढ्याशा विजेला हजारपट मोठं करणं हे प्रीॲम्पचं काम. हजारपट मोठं करताना तो स्वतःचा गोंगाटही त्यात मिसळतो.

पण सगळा गोंगाट प्रीॲम्पचा नसतो. १९२८ साली बेल लॅब्जमधल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट ह्या दोघांनी दाखवून दिलं, की कुठलाही रेझिस्टर, नुसता टेबलावर पडलेला असला तरी, तापमानामुळे स्वतःच गोंगाट करतो. माइकची तार हीसुद्धा एक रेझिस्टरच. १५० ओहमचा माइक, साधं खोलीचं तापमान आणि माणसाला ऐकू येणारा २० हजार हर्ट्झचा पट्टा धरला तर हा गोंगाट ०.२२ मायक्रोव्होल्ट भरतो. ही तळरेषा. तुम्ही लाख रुपयांचा प्रीॲम्प आणा, ह्याच्या खाली जाता येत नाही, कारण हा गोंगाट माइकमधूनच येतोय.

आता आत्याच्या ३७ मायक्रोव्होल्टना ०.२२ ने भागा. १६८. आदर्श जगात तिचा आवाज गोंगाटाच्या १६८ पट असता.

माझ्या किटमध्ये किती होता? टीएल ०७२ चा स्वतःचा गोंगाट ह्याच पट्ट्यात अडीच मायक्रोव्होल्टच्या आसपास. बाकीचं धरून २.६. म्हणजे आवाज गोंगाटाच्या १४ पट. १६८ च्या जागी १४. तव्यावरचा चर्र आवाज तो हा.

टीएल ०७२ ही काही वाईट चिप नव्हे. गिटारसारख्या जास्त रोधाच्या उगमाला ती छान चालते. १५० ओहमच्या माइकला मात्र ती चुकीची आहे. ५५३४ चा गोंगाट सुमारे अर्धा मायक्रोव्होल्ट. त्यामुळे ती घातल्यावर मला फरक ऐकू आला तो खरा होता, तब्बल दहा डेसिबलचा. कानवाल्यांचा पहिला सल्ला बरोबर निघाला, हे मान्य करतो. चिडचिड त्यानंतरच्या सहा चिपांची आहे.

कारण ५५३४ घातल्यावर चिप ही अडचण राहिलीच नव्हती. पहिल्या पायरीचा गेन ठरवणारा, जमिनीकडे जाणारा एक रेझिस्टर त्या किटमध्ये एक किलोओहमचा होता. जॉन्सन-नायक्विस्टच्या हिशेबाने एक किलोओहमचा गोंगाट ०.५७ मायक्रोव्होल्ट. म्हणजे चिपपेक्षा जास्त! पंचवीस पैशांचा रेझिस्टर माझ्या ५५३४ पेक्षा मोठ्याने ओरडत होता आणि मी त्याच्याकडे न बघता सिंहासनावरचा राजा बदलत होतो.

आणि ती गाजलेली ओपीए ६२७? ती फेट इनपुटची चिप. तिचा गुण असा, की उगमाचा रोध खूप मोठा असेल तरी तिच्या इनपुटमधून वाहणारा गोंगाटी प्रवाह नगण्य राहतो. १५० ओहमच्या माइकला ह्या गुणाचा उपयोग शून्य. व्होल्टेजच्या गोंगाटात ती ५५३४ पेक्षा थोडी सरसच, म्हणजे वाईट: सुमारे ०.६४. थोडक्यात, हजारांची चिप घालून मी माझा प्रीॲम्प बिघडवला, आणि डोळे मिटून मला त्यात सुधारणा ऐकू आली.

कान खोटं बोलत नाही, पण

इथे कानवाले म्हणतील, आकड्यांत सगळं येत नाही. बरोबर आहे. डिस्टॉर्शनचा पोत, आवाज कमाल पातळीला भिडल्यावर सर्किट कसं वागतं, माइकला दिसणारा रोध, ह्या सगळ्यांनी आवाज बदलतो आणि तो कानाला कळतो. माझं म्हणणं एवढंच, की कानाला कळतं असं म्हणायचं तर कानाला न्याय्य संधी द्या. दोन रेकॉर्डिंगमध्ये अर्ध्या-एक डेसिबलचा जरी फरक असला तरी जे मोठं ते 'जास्त मोकळं' वाटतं. चिप बदलताना गेनचा खटका थोडा हलला तरी हे होतं. आधी आणि नंतर अशा जोड्या ऐकवणारे किती जण दोन्हींची पातळी आधी सारखी करतात? किती जण कुठली कुठली हे न सांगता ऐकवतात? मी तर केलं नव्हतं. कान खोटं बोलत नाही, पण ज्याने नुकतेच पैसे मोजलेत त्याचा कान साक्षीदार म्हणून बाद धरावा.

जुन्या यंत्रांची भक्ती हा ह्याचाच पुढचा अध्याय. रूपर्ट नीव्हचा १०७३ हा प्रीॲम्प १९७० सालचा. आजही तो आणि त्याच्या नकला देवासारख्या पुजल्या जातात. त्याच्या आउटपुटच्या पायरीत कोण बसलंय माहीत आहे? २एन३०५५. ज्यांनी जुने पॉवर सप्लाय किंवा इन्व्हर्टर उघडलेत त्यांना हा जाडजूड, पत्र्याची टोपी घातलेला ट्रान्झिस्टर घरच्यासारखा ओळखीचा असेल. आपल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तो मिळतो. १०७३ चांगला आहे तो उत्तम ट्रान्सफॉर्मर, नीट वाटून दिलेला गेन आणि विचारपूर्वक केलेल्या जोडणीमुळे. त्यात जादूचा भाग एकही नाही. जादू आहे असं सांगितल्याने मात्र नीव्हच्या कामाचा अपमान होतो, कारण मग विचार त्याचा राहत नाही, ट्रान्झिस्टरचा होतो.

माइकला पुरवतात ती ४८ व्होल्टची फँटम पॉवरही अशीच. ४८ च का? १९६६ मध्ये नॉयमन कंपनी नॉर्वेच्या सरकारी प्रसारण संस्थेसाठी माइक बनवत होती आणि तिथल्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्ट आधीच होते. हाताशी होतं ते घेतलं, नीट अभियांत्रिकी केली, तेच जगाचं मानक झालं.

आता जुगाडवाल्यांकडे

हे ऐकून जुगाडवाल्यांना आनंद झाला असेल. बघा, हाताशी होतं ते घेतलं! थांबा. त्या मानकात पुढे असंही लिहिलंय, की ४८ व्होल्ट ज्या ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांमधून द्यायचे त्यांची आपसातली तफावत ०.४ टक्क्याच्या आत हवी. ती जास्त झाली तर दोन तारांमध्ये सारखाच शिरलेला गुणगुणाट पुढे जाऊन एकमेकांना खोडत नाही. बाजारात मिळणारे पाच टक्क्यांचे रेझिस्टर डबीतून उचलून लावले तर ही अट पाळली जात नाही. पण वीस रेझिस्टर घेऊन मल्टिमीटरने मोजत बसलं, तर त्यातून जुळणारी एक जोडी बहुधा सापडते. खर्च तेवढाच, फक्त अर्धा तास बसावं लागतं. जुगाड आणि कारागिरी ह्यांत हा अर्ध्या तासाचा फरक आहे.

मला 'जुगाड' ह्या शब्दाचा राग का येतो ते सांगतो. आपण तो कौतुकाने वापरायला लागलो आणि त्याच वेळी कारागिरीचं कौतुक करायचं सोडलं. जुगाड म्हणजे तात्पुरतं. गावाकडे मोटार बंद पडली आणि पिकाला पाणी द्यायचं आहे, तेव्हा तार बांधून ती चालू करणाऱ्याला माझा दंडवत. पण तीच तार दहा वर्षं तशीच ठेवून, वर 'आपलं देशी डोकं' म्हणून मिरवायचं, ह्यात कसलं आलंय डोकं? अभियांत्रिकीच्या मुलांना शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आज बाजारात तयार मिळतो, अहवालासकट. मुलगा बोर्ड विकत घेतो, डब्यात घालतो, परीक्षक दिवा लागला का बघतात आणि मार्क देतात. तो दिवा लागतो, माझ्या डब्यातूनही आवाज येत होता. 'चालतंय' आणि 'कसं चालतंय' ह्यांतलं अंतर विचारायचं असतं, हे कुणी शिकवत नाही.

मी काय केलं, ते सांगतो. तो एक किलोओहमचा रेझिस्टर काढून २२ ओहमचा लावला आणि त्याच्या जोडीचा शंभर किलोओहमचा काढून २.२ किलोओहमचा, म्हणजे गेन तोच, साधारण शंभरपट. गोंगाट तीन डेसिबलने उतरला. आणि आवाज टेलिफोनसारखा झाला! खर्ज गायब. कारण त्या रेझिस्टरच्या मागे दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. एक किलोओहमबरोबर तो १६ हर्ट्झच्या खालचं कापत होता, कुणाला कळलंही नसतं. २२ ओहमबरोबर तोच कपॅसिटर ७२० हर्ट्झच्या खालचं कापायला लागला, म्हणजे माणसाच्या आवाजाचा अर्धा देहच. तिथे हजार मायक्रोफॅरडचा लावला, काप ७ हर्ट्झवर गेला, प्रश्न मिटला. खर्च दहा-पंधरा रुपये. ह्या एका फेरीत मला जेवढं कळलं तेवढं सात चिपांत कळलं नव्हतं: सर्किटमधला कुठलाही भाग एकटा नसतो, एकाला हात लावला की दुसऱ्याला विचारावं लागतं.

रेडिओचा बंदोबस्त त्याहून सोपा निघाला. इनपुटवर १०० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर, तारेवर एक फेराइटचा मणी आणि प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी जमिनीला जोडलेला तुपाचा पत्र्याचा डबा. चार्जरच्या जागी नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. शेतमालाचे भाव बंद.

आणि सगळ्यात मोठी सुधारणा फुकट होती. माइक दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आणला की आवाज चौपट, म्हणजे बारा डेसिबलने वाढतो. गोंगाट तेवढाच राहतो. बाजारात मिळणाऱ्या सर्वोत्तम माइक-चिपांपैकी एक आणून ५५३४ च्या जागी लावली असती तर सहा डेसिबल मिळाले असते. आत्याला "जरा जवळ ये गं" म्हणण्याची किंमत दोन चिपांएवढी होती आणि मला ते फेब्रुवारीत सुचलं नव्हतं.

मग विकतच का नाही घेत?

हा तिसरा आणि सर्वांत समंजस आक्षेप. आज काही हजार रुपयांत मिळणारा साधा यूएसबी इंटरफेस माझ्या किटपेक्षा शांत असतो. बहुतेक वेळा तळरेषेच्या तीन-चार डेसिबलच वर. हे खरं आहे आणि ज्याला उद्या सकाळी रेकॉर्डिंग करायचंय त्याने तो घ्यावा. मी तो फेब्रुवारीत घेतला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पैसे वाचवायला प्रीॲम्प बनवू नका. पैसे वाचत नाहीत.

पण विकत घेतलेल्या यंत्रानेही आत्या दोन फुटांवरच बसली असती. काय मोजायचं हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हातात चांगलं यंत्रही दिवा लागण्यापुरतंच असतं. ते बिघडलं की बंद डबी, 'नवीन घ्या' हा एकच इलाज. बनवण्याचा फायदा एवढाच, की पुढे विकत घेताना आपण मूर्ख ठरत नाही आणि बिघडलं तर आत हात घालायची भीती वाटत नाही. मला हा फायदा लहान वाटत नाही.

आणि ह्यात पणाला काय लागलंय, तेही बघा. २०१८ मध्ये न्यूमन आणि श्वार्झ ह्या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच व्याख्यान, तीच मुलाखत, तेच शब्द. फक्त एका गटाला स्वच्छ आवाजात आणि दुसऱ्याला खराब आवाजात ऐकवलं. खराब आवाजात ऐकणाऱ्यांना तो वक्ता कमी हुशार वाटला आणि त्याचं संशोधनही कमी महत्त्वाचं वाटलं. शास्त्रज्ञाची ही गत, तर खेड्यातल्या बाईची काय होत असेल? आपण शहरातल्या स्टुडिओत बसून स्वच्छ आवाजात बोलतो आणि लोकपरंपरेचा 'नमुना' म्हणून मध्येच चर्र करणाऱ्या रेकॉर्डिंगमधली म्हातारी ऐकवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गोंगाट तिचा आहे. तो गोंगाट तिचा नसतो. तो आपल्या एक किलोओहमच्या रेझिस्टरचा असतो. तो काढायचा आळस केला म्हणून तिचा ठरतो.

एआय लावून साफ करू, असं हल्ली ऐकू येतं. मी करून पाहिलं. चर्र आवाज गेला, आणि त्याच्याबरोबर 'स' आणि 'श' ची धारही गेली, दोन ओळींमधला तिचा श्वास गेला. जिथे शब्द पुसट होता तिथे काहीतरी गुळगुळीत आलं. ते तिने म्हटलं होतं की यंत्राने अंदाज केला, हे मला सांगता येत नाही. दस्तऐवज म्हणून त्याची किंमत शून्य.

काय करावं

नुसती तक्रार करून थांबत नाही. घरी मोजायला लागतं ते सामान वीस रुपयांत येतं. १५० ओहमचा एक रेझिस्टर प्रीॲम्पच्या इनपुटवर माइकच्या जागी लावा. फोनवर २०० हर्ट्झचा सूर वाजवा, त्याच्या हेडफोनच्या तारेवर मल्टिमीटरने अर्धा व्होल्ट येईल इतका मोठा ठेवा आणि तो १५० किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्या १५० ओहमला द्या. दोन रेझिस्टर मिळून त्याचा हजारावा भाग करतात, म्हणजे इनपुटला अर्धा मिलिव्होल्ट. हे रेकॉर्ड करा, पातळी लिहा. मग फोन काढा, गेनला हात न लावता शांतता रेकॉर्ड करा, तिची पातळी लिहा. दोन्हींत ६० डेसिबलचा फरक असेल तर तुमचा गोंगाट अर्धा मायक्रोव्होल्ट. आता चिप बदला, रेझिस्टर बदला, देवाचा अंगारा लावा. नंतर पुन्हा मोजा. आकडा हलला तर बदल झाला.

किट विकणाऱ्यांनी हा एक आकडा आणि सर्किटचा नकाशा पाकिटात टाकावा. शेवटच्या वर्षाच्या परीक्षकांनी दिवा लागला का हे बघण्याआधी हा आकडा विचारावा. आणि 'आधी-नंतर' ऐकवणाऱ्यांनी पातळी सारखी करून ऐकवावं, नाहीतर ऐकवू नये. ह्यात कुणावरही मोठा खर्च पडत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी मी पुन्हा गावी गेलो. तुपाचा डबा, दोन बॅटऱ्या, कानात हेडफोन, माइक तिच्या तोंडापासून वीतभर. "आता येतंय का रे नीट?" आत्याने विचारलं. इतकं नीट येत होतं, की तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. ती गायला लागली आणि तिसऱ्या-चौथ्या ओवीला अडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडली. "पुढचं जातं रे आठवेनासं," म्हणाली. फेब्रुवारीत चाळीस मिनिटं गायलेली आत्या ऑक्टोबरात अकरा मिनिटं गायली.

बाकीची एकोणतीस मिनिटं आता फक्त त्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये आहेत, चौदाला एक गोंगाटात, शेतमालाच्या भावांच्या मागे. मी ती अधूनमधून हेडफोन लावून ऐकतो आणि कळतील तशा ओव्या वहीत उतरवतो. काही शब्दांच्या जागी प्रश्नचिन्ह टाकावं लागतं. ते प्रश्नचिन्ह आत्याच्या विसरण्याचं नाही, माझ्या न मोजण्याचं आहे.